परक्या आकाशाची राखण

कोहमारा हे रस्त्यांचे गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग, म्हणजे आताचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53, इथून पूर्व-पश्चिम जातो. उत्तरेला गोरेगावमार्गे गोंदियाचा रस्ता फुटतो, दक्षिणेला नवेगावबांध आणि पुढे अर्जुनी मोरगाव. रायपूरकडून आलेले ट्रक, साकोलीकडे निघालेली एसटी, धानाच्या गाड्या, नागझिऱ्याला जाणारे पर्यटक, सगळ्यांना हा चौक ओलांडावाच लागतो. त्याच चौकात रात्री मान वर केली की अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून लुकलुकत जाणारे दिवे दिसतात. दिल्लीहून चेन्नईला आणि मुंबईहून कोलकात्याला जाणारे हवाई मार्ग याच मध्य भारतात, नागपूरच्या आसपास एकमेकांना छेदतात. चौकात गाडी थांबवता येते, आकाशात विमान थांबवता येत नाही. हवाई वाहतूक नियंत्रकाच्या कामाची सगळी अवघड बाजू एवढ्या एका फरकात आली.

हे काम करणारी माणसे घडवणारी संस्था कोहमाऱ्यापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे, हे आपल्याच गोंदिया जिल्ह्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. गोंदियाजवळ कामठ्याच्या बाजूला बिरसीची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 साली, इंग्रजांनी ती बांधली. स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे ती जवळपास पडूनच होती. 2005 च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ती ताब्यात घेतली आणि तिचे दिवस पालटले. वैमानिक घडवणारी संस्था आली, पाठोपाठ हवाई वाहतूक नियंत्रकांच्या प्रशिक्षणाची संस्थाही आली. 2022 च्या मार्चमध्ये प्रवासी विमान उतरले, तेव्हा अख्खा जिल्हा बघायला लोटला. वैमानिक व्हायचे स्वप्न आता सालेकशाची मुलगीही सांगते. नियंत्रक व्हायचे मात्र कोणी सांगत नाही, कारण नियंत्रक दिसत नाही. तो काचेच्या मनोऱ्यात असतो, नाहीतर मनोऱ्याच्या खाली अर्धवट अंधाराच्या खोलीत रडारपुढे. इथल्या मुलांनी हा मार्ग ओळखावा असे मला मनापासून वाटते. त्याच मार्गाची पुढची वाट आखातात आणि त्याहीपलीकडे जाते, तेव्हा ती कशी आहे हे आधीच कळलेले बरे.

भारतात नियंत्रक होण्याची रीत सरळ आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. प्राधिकरणाची कनिष्ठ कार्यकारी पदाची परीक्षा, मग आवाजाची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. निवड झालेले उमेदवार प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदियाच्या केंद्रात जातात. तिथे सिम्युलेटरवर खोटी विमाने हाताळत खरे नियम अंगी बाणवतात. पुढे प्रत्यक्ष विमानतळावर अनुभवी नियंत्रकाच्या शेजारी बसून काम, तोंडी परीक्षा, आणि मग एकेक रेटिंग, म्हणजे त्या-त्या कामाची परवानगी: आधी टॉवरचे म्हणजे विमानतळाचे, नंतर अ‍ॅप्रोचचे म्हणजे विमानतळाजवळच्या आकाशाचे, नंतर एरियाचे म्हणजे दूरच्या हवाई मार्गांचे. रडारवर काम करायचे तर त्याचे वेगळे.

रेटिंग या गोष्टीपाशी जरा थांबू, कारण परदेशी नोकरीची सगळी कथा तिच्यात आहे. अभियंत्याची पदवी किंवा डॉक्टरचा अनुभव माणसाबरोबर प्रवास करतो. नियंत्रकाचे रेटिंग जागेला बांधलेले असते. मुंबईच्या अ‍ॅप्रोचचे रेटिंग मुंबईपुरते, नागपूरला बदली झाली की ते तिथे चालत नाही. देश बदलला तर विचारायलाच नको. शिवाय आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा नियम असा की प्रत्यक्ष काम सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबले, तर रेटिंग अवैध होते. लांबलेले आजारपणसुद्धा माणसाला पुन्हा परीक्षेला बसवते.

म्हणून पंधरा वर्षे मुंबईसारख्या विमानतळावर काम केलेला माणूस दुबईत, मस्कतमध्ये किंवा दोह्यात रुजू होतो, तेव्हा तो पुन्हा शिकाऊ असतो. आणि मुंबईचे काम म्हणजे साधे नव्हे: तिथे एका वेळी एकच धावपट्टी चालते, आणि 11 नोव्हेंबर 2023 ला त्या एकीवर एका दिवसात 1,032 विमानांची ये-जा झाली. असा माणूस नव्या ठिकाणी कोरा कागद घेऊन बसतो आणि आपल्या सेक्टरचा, म्हणजे वाट्याला आलेल्या आकाशाचा, नकाशा मनातून काढतो. पाच-पाच अक्षरांची वळणबिंदूंची नावे, त्यांमधली अंतरे, कोणत्या मार्गावर कुठली उंची, लष्कराचा कोणता भाग किती वाजता सुरू होतो, शेजारच्या केंद्राकडे विमान कुठे आणि कोणत्या उंचीवर सोपवायचे, हे सगळे तोंडपाठ. मग हेडफोन लावून बसायचे. शेजारी प्रशिक्षक, कदाचित वयाने दहा वर्षांनी लहान. त्याच्या हातात एक बटण असते. ते दाबले की शिकाऊचा आवाज बंद आणि प्रशिक्षकाचा सुरू. नावाजलेला माणूस या काळात मनातून खचू शकतो. हे महिने निभले नाहीत तर कंत्राट संपते आणि कुटुंबाला आणण्याआधीच परत यावे लागते. नोकरीच्या जाहिरातीत पगार मोठ्या अक्षरात असतो. ही अट बारकाईने शोधावी लागते.

मग आखाती देश बाहेरून माणसे का बोलावतात? त्यांचे नागरिक थोडे आणि आकाश मात्र झपाट्याने भरले. आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या संख्येत दुबईने 2014 साली लंडनच्या हीथ्रोला मागे टाकले. अबुधाबीचे शेख झायेद हवाई वाहतूक केंद्र 2009 मध्ये सुरू झाले. एवढ्या कामाला पुरतील इतके स्थानिक नियंत्रक एका पिढीत तयार होत नाहीत. त्यामुळे तिथल्या नियंत्रण कक्षांत ब्रिटिश, आयरिश, दक्षिण आफ्रिकी, ऑस्ट्रेलियन आणि भारतीय शेजारी-शेजारी बसतात. आपल्याकडची माणसे याआधीही बाहेर गेली आहेत. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने लिबिया, अल्जेरिया, येमेन, मालदीव, अफगाणिस्तान या देशांतल्या विमानतळांच्या कामांसाठी आपले प्रशिक्षित कर्मचारी दिले होते. तो सरकारी मार्ग होता, मागे आपली संस्था उभी असे. आजचा आखातातला नियंत्रक एकट्याच्या सहीवर कंत्राट करतो.

त्या कंत्राटाला मुदत असते आणि व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नियंत्रकाला ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी पार करावी लागते: डोळे, कान, रक्तदाब, साखर. आपल्या घराघरांत मधुमेह आहे. चाळिशीत साखर हाताबाहेर गेली आणि डॉक्टरने शिक्का मारला नाही, तर त्या दिवशी पोटापाण्याबरोबर राहायचा हक्कही धोक्यात येतो. शिवाय प्रत्येक देशाला आपले लोक या खुर्च्यांवर हवे आहेत आणि ते रास्तच आहे. त्यामुळे परदेशी नियंत्रक पुष्कळदा ज्याला शिकवतो, तोच पुढे त्याची जागा घेतो. निवृत्तिवेतन नसते. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सुटताना पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचे आणि त्यापुढे 30 दिवसांचे मूळ वेतन मिळते. इकडे सार्वजनिक क्षेत्रातली कायमची नोकरी सोडून जाणाऱ्याने हा हिशेब बायकोबरोबर बसून कागदावर मांडलाच पाहिजे.

पैशापेक्षा मोठी गोष्ट राजकारणाची. 5 जून 2017 रोजी सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले आणि कतारच्या विमानांना आपले आकाश बंद केले. कतारभोवतीचे आकाश तेव्हा बहारीनच्या नियंत्रणात होते. एका रात्रीत कतारच्या विमानांना चिंचोळ्या मार्गांनी इराणच्या बाजूला वळावे लागले. या भांडणाशी सुतराम संबंध नसलेला कुठल्यातरी तिसऱ्या देशाचा माणूस रडारपुढे बसून कालपर्यंतच्या शेजाऱ्याच्या विमानांना वाट नाकारत होता किंवा नवी वाट काढून देत होता. हा पेच जानेवारी 2021 मध्ये सुटला. पुढे सप्टेंबर 2022 पासून कतारने स्वतःचे हवाई माहिती क्षेत्र टप्प्याटप्प्याने सुरू केले, म्हणजे नकाशा पुन्हा बदलला आणि पुन्हा पाठ करावा लागला. 23 जून 2025 ला इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा कतारने आकाशच बंद केले. हवेत असलेल्या विमानांना इंधन संपायच्या आत कुठेतरी उतरवायचे होते. अशा वेळी खुर्चीवर बसलेल्या माणसाचे घरही त्याच शहरात असते आणि मुले शाळेत असतात.

भाषेचा प्रश्न आपल्या मुलांना सर्वांत जास्त घाबरवतो आणि तो सर्वांत सोपा आहे. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी बोइंग 747 आणि कझाकस्तानचे इल्युशिन 76 हवेत धडकले. 349 माणसे गेली. हवेतल्या टकरीत एवढी माणसे आजवर दुसरीकडे कुठे गेलेली नाहीत. कझाक विमानाला 15,000 फुटांवर राहायचे होते, ते खाली उतरत गेले. संभाषण विमानातला रेडिओ ऑपरेटर करत होता आणि वैमानिकांचे इंग्रजी कच्चे होते. त्यांची सवय मीटरची, इथले काम फुटांत. या अपघातानंतरच इंग्रजीच्या किमान पातळीचा जागतिक आग्रह वाढला आणि आज वैमानिक व नियंत्रक दोघांनाही सहापैकी किमान चौथी पातळी गाठावी लागते. हे इंग्रजी साहित्याचे नाही. ठरलेले थोडे शब्द, स्पष्ट उच्चार, आणि समोरच्याने सूचना परत म्हणून दाखवली की ती कान देऊन तपासणे, एवढे त्यात असते. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर' म्हणायचे, म्हणजे खरखरीतही आकडा चुकत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलाला हे जमते. मात्र आणीबाणीत ठरलेली वाक्ये संपतात आणि तिथे साध्या, बिनचूक इंग्रजीत बोलता आले पाहिजे. त्याचा सराव महाविद्यालयातच सुरू करावा.

आता ज्या घटनेबद्दल मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती सांगतो. 1 जुलै 2002 ची रात्र. झुरिकच्या नियंत्रण केंद्रात पीटर निल्सन हा डॅनिश नियंत्रक काम करत होता, म्हणजे तोही परदेशात नोकरी करणारा. सहकारी विश्रांतीला गेला होता, तशी तिथे रूढ पद्धतच होती. निल्सन दोन पडदे एकटा सांभाळत होता. दुरुस्तीसाठी रडार यंत्रणेचा महत्त्वाचा भाग आणि टकरीचा इशारा पडद्यावर देणारी सोय बंद होती. दूरध्वनीची मुख्य लाइनही बंद होती. फ्रीड्रिश्सहाफेनला उतरणाऱ्या एका उशिरा आलेल्या विमानासाठी तो तिथल्या टॉवरला फोन लावत राहिला, लागेना. दरम्यान दोन विमाने एकाच उंचीवर एकमेकांकडे येत होती. धोका कार्ल्सरूहेच्या जर्मन नियंत्रकांना दिसला, पण त्यांचाही फोन झुरिकला पोहोचला नाही. निल्सनने त्यांतल्या रशियन विमानाला खाली यायला सांगितले, त्याच क्षणी त्या विमानातले टक्कर टाळणारे यंत्र वर जा म्हणत होते. युबरलिंगेन गावावर दोन्ही विमाने आदळली. 71 जण मेले, त्यांत बहुतांश शाळकरी मुले. सुमारे वीस महिन्यांनी, 24 फेब्रुवारी 2004 रोजी, या अपघातात बायको आणि दोन मुले गमावलेल्या माणसाने निल्सनला त्याच्या घराच्या दारात भोसकून ठार केले.

2007 मध्ये स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने झुरिकचे केंद्र चालवणाऱ्या हवाई नियंत्रण कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांना दोषी ठरवले. रात्री एका माणसाच्या गळ्यात सगळे अडकवण्याची व्यवस्था चुकीची होती, हे तेव्हा कागदावर आले. यंत्राचा आणि नियंत्रकाचा सल्ला वेगळा असेल तर वैमानिकाने यंत्राचे ऐकावे, हेही यानंतर जगभर निःसंदिग्ध झाले. निल्सनला या कशाचा उपयोग झाला नाही. त्याआधी 1976 मध्ये झाग्रेबवर दोन विमाने हवेत धडकली, तेव्हा तिथल्या नियंत्रकाला सात वर्षांची शिक्षा झाली होती. जगभरच्या नियंत्रकांनी आवाज उठवल्यावर तो लवकर सुटला. तो निदान आपल्या देशात होता, आपल्या भाषेत बाजू मांडू शकत होता. परदेशातल्या नियंत्रकाने कंत्राटावर सही करताना पगाराआधी हे विचारावे: चूक झाली तर चौकशी कोण करणार, पोलीस की तज्ज्ञ? वकील कोण देणार? पासपोर्ट कोणाकडे राहणार? रात्रपाळीत शेजारी दुसरा माणूस असतो का? ब्रिटनमध्ये दोन तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती देणे बंधनकारक आहे. आपण जाणार तिथला नियम काय आहे?

घरच्यांनाही या नोकरीची किंमत मोजावी लागते. दिवाळीत आपल्याकडे धान कापणीला आलेला असतो, भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया सुरू होतात, रात्रभर दंडार आणि नाटके चालतात. आखातात त्याच सुमारास प्रवाशांचा हंगाम चढतो आणि पुढे पहाटेच्या धुक्याचे दिवस येतात. रजा मिळत नाही. वडिलांच्या आजारपणाची बातमी पाळीच्या तोंडावर आली तर नियंत्रकाने ती वरिष्ठाला सांगून खुर्चीवरून उठले पाहिजे. विचलित मनाने विमाने हाताळणे हा या कामात गुन्हाच. म्हणून घरच्यांनी त्याची पाळी समजून घ्यावी आणि अशी बातमी पाळी संपल्यावरच कळवावी.

इकडची परिस्थितीही बदलते आहे. 2014 साली देशात 74 विमानतळांवरून विमाने उडत होती, आता ही संख्या दीडशेच्या वर गेली आहे. नवी मुंबई विमानतळ 2025 च्या डिसेंबरमध्ये वाहतुकीला खुले झाले. नियंत्रकांची कमतरता आणि थकवा यांवर संसदेच्या समितीने 2025 मध्येच बोट ठेवले. म्हणजे पोटासाठी देश सोडलाच पाहिजे अशी स्थिती या पेशात नाही. माझे मत स्पष्ट आहे: परदेशात जावे, पण आपल्याकडे रडारवर आठ-दहा वर्षे घासून मग जावे. हातात कौशल्य असलेल्या माणसाला कंत्राटाच्या अटी बोलता येतात. परत यायचे ठरवले तर इथेही त्याची गरज असते.

सडक अर्जुनी, गोरेगाव, देवरी इथल्या मुलामुलींनो, बारावीनंतर गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नका. पदवीच्या शेवटच्या वर्षापासून प्राधिकरणाच्या भरतीवर लक्ष ठेवा, वयाची अट सर्वसाधारण गटाला 27 वर्षांची आहे. आणि शाळा-महाविद्यालयांच्या प्राचार्यांना विनंती, वर्षातून एकदा बिरसीच्या नियंत्रक प्रशिक्षण संस्थेला पत्र लिहा, तिथल्या एखाद्या प्रशिक्षकाला वर्गावर बोलवा.