जुन्या ट्रकच्या टपाचा गंज

अंगावर फोड आला कीं मलम फोडावरच लावावयाचें, ही आपली सर्वांची संवय आहे. फोड कशामुळें उठला याची चौकशी आपण सहसा करीत नाहीं. जुन्या मोटारींच्या पत्र्याच्या बाबतींत तर हीच चूक घरोघर होते. आज मी आपणांस एका अमेरिकन पिकअप ट्रकच्या टपाची हकीकत सांगणार आहें. टपाला गंज कां चढतो आणि तो मुळापासून कसा काढावा, हें त्या निमित्तानें आपल्या ध्यानांत येईल.

हा ट्रक शेव्हरोले कंपनीचा, १९७० सालचा. १९६७ पासून १९७२ पर्यंत ज्या घडणीचे शेव्हरोले ट्रक निघाले, ते अमेरिकेंतील हौशी लोक आजहि जिवापाड जपतात. मी मिशिगन राज्यांत राहत असतांना शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्यापाशीं असा एक ट्रक होता. त्यांच्या वडिलांनीं तो नवा घेतला होता. त्याच्या टपाच्या कडेला, दरवाजाच्या वर, रंगाखालीं चार-दोन फोड उठले. गृहस्थांनीं ते घांसले, लांबी भरली, रंग दिला. दोन हिवाळे गेले आणि फोड पुन्हां उठले, तेहि पूर्वीपेक्षां अधिक. असें तीन वेळां झालें. तेव्हां त्यांनीं मला विचारलें, "वडिलांची वस्तु आहे खरी, पण आतां मोडींत काढावी काय?"

या प्रश्नाचें उत्तर टपाच्या रचनेंत आहे. टप म्हणजे एकच वांकविलेला पत्रा, असें वरून वाटतें. पण तो दुहेरी असतो. बाहेरचा पत्रा सुमारें एक मिलिमीटर जाडीचा, त्याच्या आंत दुसरा पत्रा, आणि मध्यें पोकळी. दोहोंच्या कडा एकमेकींवर ठेवून ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डिंगनें जोडलेल्या असतात. दरवाजावरून पावसाचें पाणी वाहून नेणारी अरुंद पन्हळ याच सांध्यापाशीं असते. सांध्यांत पाणी शिरूं नये म्हणून कारखान्यांत तेथें लुकणासारखा लेप भरीत. कांहीं वर्षांनीं तो लेप वाळतो आणि तडकतो.

तडा केसाएवढा असला तरी पुरे. दिव्याची वात तेल ओढून घेते, तसा तो तडा पाणी ओढून घेतो. टपावरचें पाणी उन्हानें वाळतें. सांध्यांतलें वाळत नाहीं. शिवाय फटीच्या तोंडाशीं हवा भरपूर आणि खोल भागांत कमी असते. अशा विषम स्थितींत ज्या भागाला हवा कमी पोंचते, तोच भाग विद्युत्‌-रासायनिक क्रियेनें आधीं झिजतो. म्हणजे जेथें आपली दृष्टि पोंचत नाहीं, तेथेंच लोखंड प्रथम खाल्लें जातें. दुसरें कारण दहिंवराचें. रात्रीं उघड्या आकाशाखालीं टपाचा पत्रा भोंवतालच्या हवेहून थंड होतो, आणि केबिनमधील ओलसर हवेचे थेंब त्याच्या आंतल्या अंगास जमतात. आंतील अस्तर ही ओल धरून ठेवतें.

गंज हा ज्या लोखंडापासून होतो त्याहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो सांधा उकलतो आणि शेवटीं रंगाला खालून वर उचलतो. तोच आपणांस दिसणारा फोड. फोड ही या रोगाची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. त्यावर लांबी भरणें म्हणजे रोग झांकून ठेवणें. कारण लांबी स्वतःच ओल शोषून घेते आणि तिच्याखालीं गंजाचें काम निर्वेध चालतें.

म्हणून आमचें पहिलें हत्यार हातोडी नव्हतें, पाण्याची झारी होती. आम्हीं आंतील अस्तर काढलें. मी विजेरी घेऊन आंत बसलों आणि त्यांनीं पन्हळींत हळूहळू पाणी ओतलें. थेंब आला तो फोडाच्या खालीं नव्हे. वीतभर पुढें, पुढच्या कांचेच्या कोपऱ्यापाशीं! तीन वेळां ज्या जागीं उपचार झाला, तेथें पाणी केवळ वाहत येऊन थांबत होतें.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वीं तीन गोष्टी संभाळाव्या लागतात. पहिली अति महत्त्वाची. या घडणीच्या ट्रकांत पेट्रोलची टांकी केबिनच्या आंत, बैठकीच्या मागें असते. डोक्यावर वेल्डिंगच्या ठिणग्या आणि पाठीशीं पेट्रोल! टांकी काढून दूर ठेवल्याशिवाय आणि बॅटरीची तार सोडविल्याशिवाय कामास आरंभ करूं नये. दुसरी गोष्ट उंदरांची. टपाच्या पोकळींत ते घरटीं करतात. अमेरिकेंत एका जातीच्या रानउंदराच्या विष्ठेंतून हंटा नांवाच्या विषाणूचा घातक रोग होतो, हें १९९३ सालीं उघडकीस आलें. ती घाण कोरडी झाडूं नये. जंतुनाशक पाण्यानें भिजवून पुसून काढावी. तिसरी गोष्ट, जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. तो घांसतांना तोंडावर योग्य मुखवटा हवा.

आतां पत्र्याचें काम. रंग खरवडून काढावा. परंतु सपाट टपावर वाळूचा जोरदार झोत मारूं नये, त्यानें पत्रा ताणला जाऊन वेडावांकडा होतो. मग अणकुचीदार सळईनें टोंचून पाहावें. जेथें सळई रुतते तेथपर्यंत रोग आहे असें समजून, त्याच्याहि पलीकडे इंचभर, निरोगी पत्र्यांत कापाची रेघ आंखावी. कोपरे गोल ठेवावे. कापण्यापूर्वीं दरवाजे बंद करून केबिनला आंतून आधार द्यावा, नाहींतर चौकट हलते आणि पुढें दरवाजे नीट लागत नाहींत.

ठिगळ मूळ पत्र्याच्याच जाडीचें असावें. आधीं कागदाचा नमुना कापून त्यावरून पत्रा कापावा आणि टपाच्या गोलाईप्रमाणें वळवावा. तें ठिगळ जुन्या पत्र्यावर चढवूं नये. कडेला कड भिडवून बसवावें; कारण एकावर एक कड आली कीं पाण्याला नवी फट मिळाली. वेल्डिंगचा एक टांका येथें, दुसरा समोरच्या बाजूस, असें करीत जावें, आणि पत्रा हाताला सोसेल इतका निवल्याशिवाय पुढचा टांका घालूं नये. पाणी ओतून तो निववूं नये. घाईनें सलग शिवण घातली तर तापलेला पत्रा निवतांना आकसतो आणि टपावर लाटा उठतात. आकसलेला भाग खालीं लोखंडी ठोकळा धरून हातोडीनें हलके हलके पसरवितां येतो. पण त्याला हात बसावा लागतो.

ज्यांचा टप सर्वत्र चाळणीसारखा झाला असेल, त्यांनीं ठिगळांच्या भरीस पडूं नये. या ट्रकांसाठीं टपाचा संबंध बाहेरचा पत्रा नवा मिळतो. तो बदलणेंच शहाणपणाचें.

शेवटचा क्रम आणखी महत्त्वाचा. ज्या कडा सांध्यांत झांकल्या जाणार, त्यांना जोडण्यापूर्वींच जस्तयुक्त प्रायमर द्यावा. लहान खळग्यांत उरलेला गंज फॉस्फॉरिक आम्लानें मारावा. परंतु जाड पापुद्र्यावर तें व्यर्थ जातें. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर सांध्यांत नवा लवचिक लेप, आणि त्यानंतर लांबी. तीहि भोंक बुजविण्यासाठीं नव्हे, तर पृष्ठभाग सारखा करण्यापुरती, फार तर तीन मिलिमीटर. रंग दिल्यावर पोकळींत लांब नळीनें पातळ मेण फवारावें, म्हणजे तें सांध्यांत झिरपतें व ओल दूर ठेवतें.

या कामाला आम्हांला सहा रविवार लागले. सातव्या रविवारीं मी पुन्हां विजेरी घेऊन आंत बसलों आणि त्यांनीं पन्हळींत झारी रिकामी केली. आंत एक थेंबहि आला नाहीं. मी बाहेर येऊन तसें सांगितलें. वृद्ध गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं झारी पुन्हां भरली आणि दुसऱ्या बाजूच्या पन्हळींत ओतावयास घेतली.

ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे त्यांनीं यांतून एवढें घ्यावें. पावसाळ्याच्या आधीं टपाची पन्हळ साफ करावी, लेपाला तडा गेला आहे काय तें पाहावें, आणि रंगाखालीं फोड दिसलाच तर पॉलिशपेपर हातांत घेण्यापूर्वीं अस्तर उचलून आंत पाहावें. पाण्याची वाट सांपडल्यावांचून गंजाला औषध नाहीं.