एका टेकडीवर किती डबे?

१ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या हातातल्या यंत्राला शंभर मीटरपर्यंत चकवा बसत असे. त्यानंतर तेच यंत्र दहा-वीस मीटरच्या आत जागा दाखवू लागले. ३ मे रोजी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात डेव्ह उल्मर यांनी एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. ज्याला ती सापडेल त्याने आतली एखादी वस्तू घ्यावी, बदल्यात एखादी ठेवावी आणि वहीत नाव लिहावे, इतकाच नियम. यातून जिओकॅशिंग हा खेळ उभा राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या खेळाचे मुख्य संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा त्यावर ७५ डब्यांची नोंद होती. आज जगभरात तीस लाखांहून अधिक डबे-डब्या लपवलेल्या आहेत. डबे ७५ असताना कोणालाही न पडलेला एक प्रश्न आता खेळाच्या मुळाशी येऊन बसला आहे: एका बागेत, एका टेकडीवर, एका रस्त्याकडेला डबे ठेवायचे तरी किती?

बहुतेक जण उत्तर नकाशावर शोधतात. जिथे मोकळी जागा दिसेल तिथे डबा बसवायचा, जागा संपली की थांबायचे. माझ्या मते हा हिशेबच उलटा आहे. डबा ठेवणाऱ्याला किती डब्यांची निगा राखता येईल हा एक आकडा, आणि ती जमीन किती पावले सोसेल हा दुसरा. या दोहोंतला जो लहान, तोच त्या जागेचा खरा आकडा. नकाशावरची मोकळी जागा या हिशेबात जवळजवळ येतच नाही.

आधी नियम काय सांगतो ते पाहू. दोन प्रत्यक्ष डब्यांमध्ये किमान एक दशांश मैल, म्हणजे १६१ मीटर अंतर हवे. शोधणाऱ्याने एक डबा समजून दुसराच उघडू नये आणि एकाच जागी गर्दी होऊ नये, एवढ्यासाठी हा नियम आहे. भूमिती लावून पाहिली तर त्याचा अर्थ स्पष्ट होतो. डबे समभुज त्रिकोणांच्या जाळ्यात अगदी दाटीवाटीने बसवले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे साडेपाच एकर जमीन येते आणि एक चौरस किलोमीटरमध्ये ४४ डबे मावतात. नियम एवढ्यांना हरकत घेत नाही. पण ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. या खेळाच्या नियमावलीत पूर्वी वेगळी सूचनाही होती: अंतराचा नियम परवानगी देतो एवढ्याच कारणाने ठरावीक टप्प्यावर एकेक डबा ठेवत जाऊ नका. पुढे ही सूचना गळाली, अंतर तेवढे उरले, आणि लोक अंतरालाच उद्दिष्ट मानू लागले.

शिवाय नकाशावर मोकळी दिसणारी जागा मोकळी असतेच असे नाही. कोड्याच्या प्रकारातल्या डब्यांसाठी जाहीर केलेला बिंदू खोटा असतो. कोडे सोडवल्यावर कळणारी खरी जागा त्यापासून सुमारे तीन किलोमीटरपर्यंत दूर असू शकते. एका डब्यात पुढच्या डब्याचा पत्ता सापडतो, अशा टप्प्याटप्प्याच्या शोधातले मधले डबेही नकाशावर दिसत नाहीत, पण १६१ मीटरचा नियम त्यांनाही लागू असतो. म्हणून नवख्या माणसाने नकाशावर वीस ठिपके आखून मंजुरीसाठी संकेतस्थळाच्या स्वयंसेवक परीक्षकाकडे पाठवले, तर त्यातले काही परत येणे ठरलेलेच. ज्या मोजमापाचा अर्धा भाग मोजणाऱ्याला दिसतच नाही, त्यावर निर्णय कसा सोपवायचा?

अंतराचा नियम शेवटपर्यंत ताणला तर काय होते, ते नेवाडात दिसले. क्रिस्टल स्प्रिंग्जपासून वॉर्म स्प्रिंग्जपर्यंत वाळवंटातून जाणारा ३७५ क्रमांकाचा राज्य महामार्ग ९८ मैल लांब आहे. जवळच 'एरिया ५१' हा लष्करी तळ असल्याने १९९६ मध्ये त्याला 'एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे' असे अधिकृत नाव मिळाले. २०१० मध्ये या रस्त्याकडेला सुमारे हजार डब्या ओळीने ठेवल्या गेल्या. ९८ मैलांना एक दशांश मैलाने भागले की ९८० येतात. म्हणजे ही संख्या रस्त्याने किंवा वाळवंटाने ठरवलेली नव्हती, ती भागाकाराने ठरवली होती. लोक गाडीतून येत, उतरत, डबी उघडून शिक्का मारत आणि दीडशे मीटरवर पुन्हा थांबत. २०११ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाने सुरक्षिततेचे कारण देऊन त्या काढायला लावल्या. वेगाने वाहने धावणाऱ्या रस्त्यावर हजार वेळा थांबायला लावणारा खेळ कुठल्या तरी खात्याला खटकणारच होता.

अशा लांब ओळींना 'पॉवर ट्रेल' म्हणतात, आणि त्यांनी देखभालीची रीतच बदलली. हजार डब्यांचा मालक प्रत्येक डबी तपासत फिरू शकत नाही. मग हरवलेल्या डबीच्या जागी शोधणाऱ्यानेच नवी ठेवावी, अशी पद्धत पडली. काही ठिकाणी तर पहिली डबी उचलून दुसऱ्या जागी ठेवायची, दुसरीतल्या वहीवर गाडीत बसून सही करायची आणि ती तिसऱ्या जागी सोडायची, असाही प्रकार रुळला. वेळ वाचतो, आकडा वाढतो; पण मग कोणती डबी कोणाची आणि कुठली, याला अर्थ उरत नाही. मालकाच्या आवाक्याबाहेर संख्या गेली की मालकी नावापुरती राहते.

देखभालीचा हिशेब साधा आहे आणि तो डबा ठेवण्याआधीच करायला हवा. डबीतली वही भिजते, भरते. झाकणाचा रबर सैल होतो. प्लास्टिक उन्हाने तडकते. कोणी डबी चुकीच्या जागी परत ठेवते. एका डब्याला वर्षातून दोन फेऱ्या धरल्या तर चाळीस डब्यांना ऐंशी फेऱ्या लागतात. काही डबे एकाच फेरीत तपासून होतील हे मान्य. पण तक्रारी एकदम येत नाहीत. आज एका टोकाची डबी गायब, पंधरा दिवसांनी दुसऱ्या टोकाची वही ओली. म्हणूनच संकेतस्थळ डबा मंजूर करताना देखभालीची सोय विचारते आणि सुटीत परगावी गेलेल्याने तिथे ठेवलेला डबा सहसा स्वीकारत नाही. हाच विचार संख्येलाही लावायला हवा. पाच डबे नीट सांभाळणाऱ्या माणसाने पंधरा ठेवले तर लोकांच्या हाती पंधरा डबे येत नाहीत, पंधरा शंका येतात.

आता जमिनीकडे वळू. उघड्या आकाशाखाली हातातले यंत्र तीन ते पाच मीटर चुकते. झाडीत किंवा कड्याखाली दहा मीटर आणि त्याहून जास्त. ठेवणाऱ्याच्या यंत्राची चूक आणि शोधणाऱ्याच्या यंत्राची चूक एकमेकांत मिसळतात. शोधणारा एका बिंदूवर येत नाही. तो दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात, म्हणजे तीनशे चौरस मीटरहून मोठ्या तुकड्यात, दगड उलटत आणि झुडपे बाजूला सारत फिरतो. चौरस किलोमीटरला ४४ डबे धरले तर ही वर्तुळे मिळून दीड टक्काही भरत नाहीत, हे खरे आहे. पण डबे सरासरी जमिनीवर ठेवले जात नाहीत. ते जुन्या झाडाच्या ढोलीत, ओढ्याकाठच्या कपारीत, एकट्या पडलेल्या खडकामागे जातात. पक्षी, सरडे आणि दुर्मीळ वनस्पतीही तिथेच असतात. त्या वर्तुळांपर्यंत पोचणाऱ्या नव्या पायवाटा तर या हिशेबात धरलेल्याच नाहीत.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. जास्त डबे ठेवले तर माणसे विखुरतील, एकाच जागेवर भार पडणार नाही, उलट जमीन वाचेल. ऐकायला हे पटते. पण माणसांच्या पावलांनी जमिनीवर काय होते याचा अमेरिकी वनसेवेतले संशोधक डेव्हिड कोल यांनी अनेक वर्षे अभ्यास केला, आणि त्यातून दिसलेले नाते सरळ रेषेतले नाही. बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या पावलांतच होते. त्यानंतर पावले दुप्पट झाली तरी नुकसान दुप्पट होत नाही. म्हणून जिथे लोक येणारच, तिथे त्यांना रुळलेल्या वाटेवर एकवटणे बरे. वीस नव्या जागी थोडीथोडी माणसे पाठवणे म्हणजे वीस जागी ते पहिले, सर्वांत महागडे नुकसान करून घेणे. विखुरण्याचा युक्तिवाद तपासला की तो थोड्या डब्यांच्या आणि वाटेलगतच्या डब्यांच्या बाजूने बोलू लागतो.

दुसरा आक्षेप आनंदाचा आहे. लोकांना पॉवर ट्रेल आवडतात, दिवसात शेकडो डब्या शोधण्याचा उत्साह खरा असतो, आणि रेचेलसारख्या नेवाडातल्या एवढ्याशा वस्तीला त्या पाहुण्यांमुळे गिऱ्हाईक मिळाले. हा आनंद मी खोटा म्हणणार नाही. वाहनांची वर्दळ नसलेला जुना रस्ता असेल, जमिनीच्या मालकाची परवानगी असेल आणि देखभाल करणारा गट खरोखर मोठा असेल, तर लांब ओळही चालेल. माझ्या कसोटीत ती बसते. पण खेळाने चांगल्या डब्याला दाद देण्याची जी सोय केली आहे, तीही पाहावी. २०१० च्या अखेरीपासून वर्गणीदार खेळाडूला दर दहा शोधांमागे एकच पसंतीचा गुण देता येतो. दहांतला एकच डबा लक्षात राहतो, हे इथे गृहीतच धरले आहे. मग ठेवणाऱ्याने उरलेले नऊ वाढवण्यात श्रम का घालावेत?

लहान मुले, वयस्कर माणसे, व्हीलचेअर वापरणारे यांना जवळजवळचे सोपे डबे हवेत, असेही सांगितले जाते. ते रास्त आहे, पण ती मागणी सोपेपणाची आहे. घसरण नसलेल्या वाटेवरचे तीन डबे त्यांच्या उपयोगी पडतात. उतारावरचे तीस पडत नाहीत.

फारसे न बोलले जाणारे एक कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जागा भरली की ती इतरांसाठी बंद होते. एका उत्साही माणसाने गावची एकुलती एक टेकडी आठवड्यात भरून टाकली, तर पुढच्या वर्षी शाळेतल्या मुलीला सुचलेली सुंदर जागा कोणाच्या तरी डबीपासून १२० मीटरवर आहे म्हणून नाकारली जाईल. सार्वजनिक जागेवर पहिल्या आलेल्याचा हक्क इतका मोठा असू नये. टेकडीवर सहा जागा सुचल्या तर दोन निवडाव्यात, वर्षभर त्या सांभाळून पाहाव्यात आणि मगच तिसरीचा विचार करावा.

भारतात डबे अजून फार विरळ आहेत. म्हणूनच हा विचार आपल्याकडे वेळेवर करता येईल. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या हाती आज फोनमध्येच जीपीएस आहे आणि या खेळाला इथे उत्तम जमीन आहे. पण इथला आकडा जर्मनी-अमेरिकेहून लहानच निघेल. चार महिन्यांच्या पावसात वहीचा लगदा होतो आणि नेमक्या त्याच काळात कित्येक वाटा बंद असल्याने तपासणी करता येत नाही. कासच्या पठारावर जांभ्यावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की फुलांच्या हंगामात येणाऱ्यांच्या संख्येवरच बंधन घालावे लागते. तिथे प्रत्यक्ष डब्यांचा योग्य आकडा शून्य आहे. रायगड, शिवनेरी यांसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या तटातही तोच. शोधणारा चिऱ्यांच्या फटीत बोटे घालणार आणि सैल दगड ओढणार, हे आधीच दिसते. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही ठेवण्याचा प्रश्नच नाही. गर्दीच्या ठिकाणी बेवारस डबी काय करू शकते, हे इंग्लंडमधल्या वेदरबी गावाने २०११ मध्ये पाहिले: रस्त्यावरच्या एका डबीसाठी लष्कराचे बॉम्बनाशक पथक आले आणि तिचा नियंत्रित स्फोट करावा लागला. रेल्वे स्थानके आणि देवळे यांच्या आसपास आपल्याकडे याहून वेगळे होणार नाही.

जिथे शून्य येतो तिथेही खेळ थांबत नाही. २००४ पासून अमेरिकेच्या भूशास्त्रीय संस्थेच्या पुढाकाराने 'अर्थकॅश' हा प्रकार सुरू आहे: तिथे डबा नसतो, माणूस जागेवर जातो, खडक पाहतो आणि त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे पाठवतो. सह्याद्रीच्या बेसॉल्टसाठी, जांभ्याच्या सड्यांसाठी, रांजणखळग्यांसाठी हा प्रकार अगदी योग्य आहे. बाकी ठिकाणी ज्यांना डबे ठेवायचे आहेत त्यांनी आधी जमिनीच्या मालकाला विचारावे, पावसाळ्यानंतर स्वतः फिरून पाहावे, आणि एका टेकडीवर दोनच डब्यांनी सुरुवात करावी.