रानातला डोह

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही कधी सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या गावी गेला आहात का? गेला असाल, तर तिथल्या मुलांनी तुम्हांला नक्कीच विचारले असेल, "डोहावर येता का?"

डोह म्हणजे नदीच्या पात्रातील खोल जागा. उन्हाळ्यात नदी आटते. कुठे घोटाभर पाणी असते, तर कुठे नुसते दगडगोटे दिसतात. पण डोहात मात्र पाणी टिकून राहते. 'डोह' हा शब्द तुम्हांला नवा वाटेल; पण डोहाच्या वाटेवर भेटणारे 'जंगल', 'हवा', 'जमीन' आणि 'किनारा' हे शब्द तर तुम्ही घरीही बोलता. तेव्हा चला, आपण डोहाकडे जाऊ या.

पायवाट रानातून जाते. करंज, जांभूळ, उंबर अशी झाडे दाट होऊ लागली, की नदी जवळ आली असे समजावे. हवा गार लागते. मग झाडांच्या फटीतून हिरवेगार, स्थिर पाणी दिसते. एखादा खंड्या पक्षी फांदीवरून सरळ पाण्यात सूर मारतो आणि चोचीत मासा धरून परत येतो. लांब पायांचे किडे पाण्यावरून धावत असतात. ते बुडत कसे नाहीत? पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा असतो. किड्याचे वजन इतके कमी असते, की तो पडदा फाटत नाही.

हा डोह तयार कसा झाला असेल? सह्याद्रीचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसापासून बनला. तो फार कठीण आहे. तरीही पाणी त्याला कोरते. पावसाळ्यात नदीला पूर येतो, तेव्हा पाण्याबरोबर वाळू आणि गोटे वाहत येतात. खडकात एखादा लहानसा खळगा असला, की पाणी तिथे गरगर फिरू लागते. त्यात अडकलेले गोटेही फिरतात आणि जात्याप्रमाणे खडक घासतात. हजारो वर्षांत खळग्याचा रांजण होतो. असे अनेक खळगे एकमेकांना मिळाले, की मोठा डोह तयार होतो. धबधब्याच्या पायथ्याशी आणि नदीच्या वळणावरही पाण्याचा जोर जास्त असतो. म्हणून तिथेही डोह पडतात.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर निघोजला जावे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात हे गाव आहे. तेथे कुकडी नदीच्या पात्रात असे असंख्य खळगे आहेत. त्यांना 'रांजणखळगे' म्हणतात. नाव किती नेमके आहे पाहा!

डोह हा नदीचा जणू राखीव साठा असतो. नदी आटली, की मासे डोहात आसरा घेतात. पाऊस आला, की तेच मासे पुन्हा नदीभर पसरतात. रानातली जनावरे रात्री येथेच पाणी पितात. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तो देवीचा डोह मानतात. म्हणून लोक तेथील मासे पकडत नाहीत. त्यामुळे महसीर जातीचे मोठे मासे तेथे निर्धास्त फिरताना दिसतात.

आता पाण्यात उतरावे असे तुम्हांला वाटत असेल. पण थांबा! डोह जितका सुंदर, तितकाच फसवा असतो. त्याचे चार स्वभाव आधी समजून घ्या.

पहिला स्वभाव असा, की डोह आपली खोली लपवतो. पाण्यातून बाहेर येणारे प्रकाशकिरण वाकतात. त्यामुळे वरून पाहताना तळ जवळ भासतो. चार मीटर खोल पाणी आपल्याला तीनच मीटर वाटते. त्यातच डोहाचा तळ सपाट नसतो. एक पाऊल कमरेइतक्या पाण्यात, तर दुसरे पाऊल डोक्यावर पाणी जाईल अशा खळग्यात पडू शकते. जिथे वाळू उपसलेली असते, तिथे असे खड्डे अधिक असतात. पाण्याखाली खडक किंवा झाडाचे खोडही असू शकते. म्हणून डोहात कधीही डोक्याकडून उडी मारू नये. मान मोडली, तर माणूस जन्मभर अंथरुणाला खिळतो.

दुसरा स्वभाव म्हणजे थंडपणा. वरचे पाणी उन्हाने तापते. पण खालचे पाणी गारच राहते. उन्हातून चालून आलेला माणूस एकदम उडी मारतो, तेव्हा गारठ्याने त्याला धाप लागते. अशा वेळी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी श्वासाबरोबर आत जाते. म्हणून आधी सावलीत बसावे आणि मग पायांपासून हळूहळू पाण्यात उतरावे.

तिसरा स्वभाव धबधब्याखालच्या डोहाचा. तेथील पांढऱ्या, फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. असे पाणी हलके असते. ते शरीराला नीट तोलून धरत नाही. शिवाय वरून कोसळणारे पाणी खाली जाऊन वळते आणि पोहणाऱ्याला पुन्हा धबधब्याकडे ओढते. चांगले पोहणारेही येथे थकतात. धबधब्यापासून दूर राहणे, हाच येथे शहाणपणा.

चौथा स्वभाव पावसाचा. तुमच्या डोक्यावर ऊन असते. पण दूर डोंगरावर ढग फुटलेला असतो. ते पाणी लोंढ्याने खाली येते आणि काही मिनिटांत डोह भरून वाहू लागतो. मात्र त्याआधी नदी खुणा देते. स्वच्छ पाणी गढूळ होते. पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागतात. पाण्याचा आवाज वाढतो. यांपैकी एकही खूण दिसली, तर कपडे, चपला, डबा काहीही गोळा करत बसू नका. लगेच उंच काठावर चढा. पावसाळ्यात तर डोहात उतरूच नये.

ही माहिती पुस्तकापेक्षा गावकऱ्यांजवळ अधिक असते. काठावर गुरे चारणारे कोणी भेटले, तर अदबीने विचारा, "काका, इथं पोहता येतं का?" काका म्हणतील, "अलीकडच्या काठाला उतार आहे, बाळांनो. त्या खडकाच्या पलीकडं जाऊ नका. तिथं भोवरा आहे." ते जे सांगतील ते ऐका. त्यांनी लहानपणापासून ती नदी पाहिलेली असते. काठावर धोक्याची पाटी असेल, तर तिचाही मान राखा. आणि घरच्या मोठ्या माणसांना सांगितल्याशिवाय, एकट्याने डोहावर कधीच जाऊ नका.

समजा, तुमचा मित्र बुडू लागला. मग काय कराल? "मीही उडी मारीन," असे तुमचे मन म्हणेल. मन चांगले आहे, पण उपाय चुकीचा आहे. बुडणारा माणूस घाबरून वाचवणाऱ्याला घट्ट मिठी मारतो आणि दोघेही बुडतात. एका घरातील दोन भाऊ याच कारणाने गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. म्हणून काठावरच राहा. मोठ्याने हाका मारून माणसे बोलवा. जमिनीवर पालथे झोपून लांब काठी पुढे करा. काठी नसेल, तर दोर किंवा एकमेकींना बांधलेल्या ओढण्या फेका. झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा पाण्यावर तरंगतो. तो फेकला, तर बुडणाऱ्याला आधार मिळतो. कोणीतरी 112 क्रमांकावर फोन करावा. रानात फोन लागत नसेल, तर एकाने गावाकडे धावावे.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल, तर त्याचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. त्याला उलटे टांगून गरगर फिरवणे तर फारच घातक. ज्याला येत असेल त्याने ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा व छाती दाबण्याचा उपचार सुरू करावा. हा उपचार शाळेत शिकवला जात असेल, तर अवश्य शिकून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 या एका वर्षात जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांत लहान मुले व तरुण फार होते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांनी 2021 मध्ये 25 जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून ठरवला.

मग डोहावर जायचेच नाही का? जरूर जा. माहीतगार मोठ्या माणसांबरोबर जा, पोहायला शिकून जा. पाण्यात साबण लावू नका, काठावर प्लॅस्टिक टाकू नका. ते पाणी माशांचे, पाखरांचे आणि रानातल्या जनावरांचेही आहे. पोहता येत नसेल, तर काठावर बसून पाण्यात पाय सोडा. थोडा वेळ स्थिर राहिलात, की लहान मासे येऊन तुमच्या पायांना गुदगुल्या करतील.

डोह हजारो वर्षे तेथे आहे आणि पुढेही राहील. आज पाण्यात उतरायची संधी हुकली, तर उद्या पुन्हा येता येईल. पण त्यासाठी आज सर्वांनी सुखरूप घरी पोहोचले पाहिजे.