'गिव्ह अप' : सोडणे, सुटणे आणि सोडावे लागणे

इंग्रजीत क्रियापदाला एखादा लहानसा शब्द जोडला की त्याचा अर्थ पालटतो. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर. परंतु 'गिव्ह अप' म्हणजे 'वर देणे' नव्हे, तर सोडून देणे. दोन्ही शब्द शब्दकोशात वेगवेगळे पाहून हा अर्थ हाती लागत नाही, म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना अशी जोडक्रियापदे अवघड वाटतात. वास्तविक मराठीची रीतही फार निराळी नाही. 'सोडून देणे' या आपल्या संयुक्त क्रियापदात तरी कोण कोणाला काय देतो? तेथील 'देणे' केवळ कृती पुरी झाल्याचे सांगते. 'ईट अप' म्हणजे खाऊन संपवणे, 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे. त्यांतील 'अप'ही तेच काम करतो.

'गिव्ह अप'चा एक जुना अर्थ स्वाधीन करणे हा आहे. वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन केली की आपला तिच्यावरील हक्क संपतो. पुढील बहुतेक अर्थांशी या कल्पनेचा संबंध जोडता येतो. खर्रा किंवा दारू सोडणे, हा पहिला अर्थ. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. पण बंदी शासन घालते, 'गिव्ह अप' मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. प्रयत्न सोडणे, हार मानणे, हा दुसरा अर्थ. बसमध्ये वृद्धाला आपली जागा देणे, हा तिसरा. आशा सोडणे, हा चौथा. स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करणे, हा पाचवा. राज्य शासनाच्या २००५ च्या योजनेपासून आपल्या भागातील वृत्तपत्रांनी त्यासाठी 'आत्मसमर्पण' हा शब्द घरोघरी पोचवला आहे.

व्याकरणाचे दोन नियम ध्यानात ठेवावेत. 'गिव्ह अप'नंतर दुसरे क्रियापद आले तर त्याचे 'आयएनजी' लागलेले रूप वापरतात. 'गिव्ह अप स्मोकिंग' हे शुद्ध, 'गिव्ह अप टू स्मोक' हे अशुद्ध. दुसरे असे की, 'इट'सारखे कर्मवाचक सर्वनाम मध्येच बसते. २०१५ मध्ये स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन केंद्र शासनाने केले, त्या मोहिमेचे नाव 'गिव्ह इट अप' होते. 'गिव्ह अप इट' असे कधीही म्हणत नाहीत.

आता समानार्थी शब्द पाहू. समानार्थी म्हणजे अगदी एकच अर्थाचे नव्हेत. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. 'क्विट' म्हणजे सवय किंवा नोकरी सोडून मोकळे होणे. 'रिझाइन' म्हणजे पदाचा राजीनामा देणे. 'अबँडन' म्हणजे ज्याची जबाबदारी आपल्यावर आहे त्याला वाऱ्यावर सोडणे. 'सरेंडर' म्हणजे शरण जाणे. 'गिव्ह इन' म्हणजे दुसऱ्याच्या आग्रहापुढे किंवा दबावापुढे नमणे. 'रिलिंक्विश' हा कायद्याच्या भाषेतील शब्द असून तलाठी कार्यालयाच्या परिसरात त्याचे मराठी रूप सर्वांच्या ओळखीचे आहे : हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतील आपला हिस्सा सोडताना बहीण ज्यावर सही करते, तो हा दस्त. तिने तो राजीखुशीने सोडला की माहेर तुटेल या भीतीने, हे त्या कागदावरून कळत नाही.

'रिनाउन्स' हा या सर्वांत भारदस्त शब्द. विचारपूर्वक आणि जाहीरपणे त्याग करणे, असा त्याचा अर्थ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चांद्यात जे घडले, त्याला 'क्विट' किंवा 'अबँडन' म्हणता येणार नाही. बावीस प्रतिज्ञांपैकी एकोणिसाव्या प्रतिज्ञेत जुन्या धर्माचा त्याग आणि बौद्ध धम्माचा स्वीकार एकत्रच आहेत.

या शब्दसमूहात मराठीने एक बारकावा स्वतः सांभाळला आहे. आपण 'सोडली', 'सुटली' आणि 'सोडावी लागली' अशी तीन रूपे सहज वापरतो. पहिल्यात कर्त्याची इच्छा आहे, दुसऱ्यात परिस्थिती आहे आणि तिसऱ्यात दुसऱ्या कोणाची तरी सक्ती आहे. बाबासाहेबांच्या चरित्रातील १९१७ ते १९२० या अल्प काळात ही तिन्ही रूपे सापडतात. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण सुटले. भारतात परतल्यावर त्यांनी बडोद्याची नोकरी धरली. पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात राहण्यास जागा मिळेना, तेव्हा ती सोडावी लागली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले आणि १९२० मध्ये ती नोकरी त्यांनी स्वतः सोडली, ती लंडनचे सुटलेले शिक्षण पुरे करण्यासाठी. शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज त्या कामी आले. १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळाली. १९१७ साली कोणी 'त्यांनी शिक्षण सोडले' अशी नोंद केली असती, तर ती खोटी ठरली असती.

हे सांगण्याचे कारण आपल्या हजेरीपटाशी निगडित आहे. शासकीय भाषेत सर्वांना एकच कागद मिळतो : शाळा सोडल्याचा दाखला. दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्याला तोच आणि सातवीत मध्येच थांबलेल्या मुलीलाही तोच. इंग्रजीत पहिल्यासाठी 'लीव्ह' आहे, दुसऱ्यासाठी 'ड्रॉप आउट'. पण ही मुलगी का थांबली, हे 'ड्रॉप आउट'ही सांगत नाही. भामरागड, एटापल्ली किंवा जिवती तालुक्यातील मूल सुट्टीवर गेले आणि परतले नाही, तर त्यामागे नदीचा पूर असेल, धानाची रोवणी असेल, मोहफुले किंवा तेंदूपत्त्याचा हंगाम असेल, घरी लहान भावंड सांभाळायला दुसरे कोणी नसेल. अशा मुलाची शाळा सुटलेली असते, किंवा त्याला ती सोडावी लागलेली असते. 'त्याने सोडली' असे आपण लिहितो, तेव्हा दोष मुलाच्या माथी जातो आणि आपले काम संपते. 'सुटली' असे लिहिले तर पुढचा प्रश्न आपोआप येतो : ती पुन्हा धरता यावी म्हणून काय करावे लागेल?

वसतिगृहाची व्यवस्था या प्रश्नाच्या उत्तरासाठीच उभी राहिली. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढीच विनंती आहे, की आपल्या गावातील अशा एका तरी मुलाच्या घरी जावे, शाळा नेमकी कशामुळे सुटली हे विचारावे आणि ते शाळेला कळवावे. त्या घराचे उत्तर ऐकण्याआधी, त्याने 'गिव्ह अप' केले असे आपण म्हणू नये.