शहरात शिकणाऱ्या आपल्या मुलांविषयी थोडेसे



उसाचे बिल बँकेत जमा झाले की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातून पहिली रक्कम निघते ती पुण्याला, कोल्हापूरला नाहीतर सांगलीला. मुलाच्या फीसाठी आणि खोलीच्या भाड्यासाठी. परीक्षेत किती विषय सुटले, गाडीला पेट्रोल किती लागते, हे आपण विचारतो. संध्याकाळी तो कुणाबरोबर बसतो आणि काय पितो, हे विचारायला संकोच वाटतो. वर्गातल्या मुलींशी तो कसा वागतो, हा विषय तर बापलेकांत निघतच नाही. आज तोच काढावा म्हणतो.

मी बरीच वर्षे मुलांच्या एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. एका गॅदरिंगच्या रात्री साडेअकराच्या सुमारास फाटकाबाहेर गलका ऐकून मी गेलो. पाच-सहा पोरे प्यालेली. त्यांच्याच वर्गातली एक मुलगी कट्ट्यावर बसलेली, तिला मान सावरत नव्हती. दोघे म्हणत होते, "आम्ही सोडतो हिला." आणि आपल्याच एका सभासदाचा मुलगा, पहिल्या वर्षाचा, मोटारसायकलची किल्ली मुठीत घट्ट धरून उभा. शिव्या खात होता, पण किल्ली देत नव्हता. मुलींच्या वसतिगृहाच्या बाईंना त्याने आधीच फोन लावला होता. बाई रिक्षा घेऊन आल्या आणि मुलगी सुखरूप गेली.

दुसऱ्या दिवशी त्या दोघांपैकी एकाचे वडील मला भेटायला आले. म्हणाले, "पोरगं प्यालं होतं हो, त्याला भान नव्हतं." हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. माझा अनुभव निराळा आहे. तोच मुलगा, तेवढीच प्यालेली, समोर रेक्टर दिसला की बाटली पाठीमागे लपवतो. तेवढे भान त्याला बरोबर असते. मास्तरांच्या अंगावर तो जात नाही. जी उभी राहू शकत नाही, अशा मुलीच्याच जवळ जातो. दारूने भीड चेपते, हे खरे. पण मुलगी म्हणजे आपल्या हक्काची वस्तू, ही समजूत बाटलीतून येत नाही. ती घरातून, चावडीवरच्या गप्पांतून आणि हल्ली मोबाइलमधून आधीच आलेली असते.

कायदा याबाबत आता पुष्कळ स्पष्ट आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, असे कारण देऊन १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर २०१३ साली तो आणखी कडक झाला. आज भारतीय न्याय संहितेत लिहिले आहे की, नशेमुळे जिला कशाला हो म्हणतो हे कळत नाही, तिची संमती ही संमतीच नव्हे. तिने झटापट केली नाही, एवढ्यावरून ती राजी होती असेही धरता येत नाही. बलात्काराला किमान दहा वर्षे सक्तमजुरी. चार जणांनी मिळून केले तर प्रत्येकाला किमान वीस. संगनमत असेल तर दाराशी राखण करणाराही त्यात येतो. "मी काही केलं नाही, नुसता उभा होतो," हे तिथे चालत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर संमतीचा प्रश्नच उरत नाही.

पिण्याचेही तसेच. आपल्या राज्यात बियरला एकवीस आणि देशी-विदेशी दारूला पंचवीस वर्षे पुरी लागतात, म्हणजे कॉलेजातली बहुतेक पोरे त्यात बसतच नाहीत. तरी पैज लावून घटाघटा पितात. लिंबूपाणी पाजून किंवा गार पाण्याने अंघोळ घालून ती उतरत नाही. यकृत आपल्या गतीनेच काम करते. बेशुद्ध पडलेल्याला उताणा न ठेवता कुशीवर निजवावे, नाहीतर उलटी घशात अडकून जीव जातो. १०८ ला फोन करायला घाबरू नये, हे पोरांना सांगून ठेवा.

एक अडचणीची गोष्टही बोलली पाहिजे. ही दारू कुठून येते? आपल्या उसाच्या मळीतून. मळीचे स्पिरिट होते आणि देशी दारू त्याचीच बनते. डिस्टिलरी बंद करा, असे मी म्हणत नाही. त्या उत्पन्नावर आपला दर टिकतो हे मलाही कळते. पण गावातल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली की आपण त्यांचा सत्कार करतो, आणि मुलगा शहरात पितो म्हटल्यावर "वय आहे, चालायचंच" म्हणून सोडून देतो. हा हिशेब काही जुळत नाही.

मुलग्यांशी बोलणारी माणसे आहेत. मुंबईची 'मावा' ही पुरुषांचीच संस्था १९९३ पासून कॉलेजच्या पोरांना एकत्र बसवून हेच विषय काढते. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसन सोडवण्याचे काम करते आहे. आपण निदान सुट्टीत पोरगा घरी आला की बांधावर दोन शब्द बोलावेत. "ती तुझी बहीण असती तर?" असे मात्र विचारू नका. ती कुणाचीही बहीण नसली तरी माणूस आहे, एवढे पुरे.

तो किल्लीवाला मुलगा परवा वजनकाट्यावर भेटला. आता शेती बघतो. मी सहज विचारले, "त्या रात्री तुला सुचलं कसं रे?" म्हणाला, "सर, तिला बोलताच येत नव्हतं. तिला विचारणार तरी कसं, कुणाबरोबर जायचंय म्हणून?" तेवढ्यात त्याच्या ट्रॉलीचा नंबर लागला आणि तो गेला.