हौदावरची जामा मशीद

रमजानची खरेदी म्हणजे आम्हाला क्रॉफर्ड मार्केट. खजूर, शेवया, मुलांचे कपडे घेतले, पिशव्या भरल्या की टॅक्सी शोधायची. शेख मेमन स्ट्रीटवरच्या जामा मशिदीत कितीदा नमाज पढलो, पण तिचा इतिहास कधी विचारला नाही.

मग एके दिवशी धाकट्याने विचारले, "आपले गाव रत्नागिरीकडे. मग मुंबईच्या इतिहासात आपण कुठे?" वर्गात इतिहास शिकवतो खरे, पण घरात उत्तर सुचेना. म्हणून एका रविवारी सकाळी दोन्ही मुलांना घेऊन या भागातल्या पायी सहलीत सामील झालो.

सुरुवात मार्केटपासूनच. 1869 सालची ही इमारत, आता महात्मा फुले मंडई. दारावरची दगडी शिल्पे लॉकवुड किपलिंग यांची. इतकी वर्षे आमची नजर खजुरांवरच!

खरा खजिना मशिदीत होता. वजूचा हौद सर्वांना ठाऊक. त्यातले मासे, कासवे मुलांना आवडतात. पण हौद मशिदीसाठी बांधलेला नाही, तो आधीपासूनचा आहे. ही जमीन गोवा-कालिकतशी व्यापार करणाऱ्या एका कोकणी मुसलमानाची होती. मशिदीला त्याने होकार दिला, पण अट घातली: तळे जसेच्या तसे राहिले पाहिजे. म्हणून पाण्यातूनच काळ्या दगडाच्या 16 कमानी उभारल्या आणि त्यांच्यावर मशीद. पुढे 1837 साली मोहम्मद अली रोगे यांनी वरचा मजला चढवला. तेही कोकणीच, जहाजांच्या धंद्यातले.

धाकटा आमच्याकडे पाहत होता. आम्ही हौदाकडे पाहत राहिलो.

वाट दाखवणारा तरुण म्हणाला, बांधकाम पुरे झाल्याचे साल 'जहाज-ए-आखिरत' या शब्दांत दडले आहे. उच्चार जरा डगमगला, पण माहिती पक्की. अब्जद आम्ही एकेकाळी शिकलो होतो, म्हणून तिथेच पावतीच्या मागे मुलांकडून बेरीज करून घेतली. जीम 3, हे 5, अलिफ 1, झे 7, झाले 16. आखिरतचे अलिफ 1, खे 600, रे 200, ते 400, म्हणजे 1201. एकूण 1217. हिजरी 1217, म्हणजे इसवी सन 1802. थोरल्याने पुन्हा मोजून पाहिले. पाण्यावर उभ्या मशिदीला आखिरतेचे जहाज म्हणणाऱ्याची कल्पकता पाहा! सुब्हानल्लाह.

पुढे झवेरी बाजार, मुंबादेवीचे देऊळ असे बरेच दाखवले, पण मुले बेरजेतच अडकली होती.

घरी आल्यावर धाकट्याने अम्मींना सगळे सांगितले. त्या शेवया भाजत होत्या. म्हणाल्या, "जहाज? अरे, तुझे पणजोबा खलाशीच होते." आणि गॅस बंद करून त्यांनी कपाटातली जुनी पत्र्याची पेटी खाली काढायला सांगितली.