पास हाती आहे, पण जागा आहे का?

सकाळी सातच्या सुमारास नाशिक रोड स्थानकावर उभे राहिले, तर दोन प्रकारचे प्रवासी दिसतात. मनमाडहून मुंबईला जाणारी पंचवटी एक्सप्रेस १९७५ साली सुरू झाली. या गाडीने नोकरीधंद्यासाठी नित्य ये-जा करणाऱ्यांपाशी महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास असतो. एखाद्या दिवशीच मुंबईला निघालेल्या प्रवाशाने मात्र आधी आरक्षण केलेले असते. पासावर आसनाचा क्रमांक नसतो. आरक्षणाच्या तिकिटावर तो असतो.

दोन्ही कागद रेल्वेचेच, पण त्यांनी दिलेली वचने निराळी आहेत. पास म्हणतो, “मुदतीत केव्हाही या.” आरक्षण म्हणते, “अमुक दिवशी या, तुमची जागा राखून ठेवली आहे.” सगळे पासधारक एकाच दिवशी आले तर काय, या प्रश्नाचे उत्तर पास देत नाही. म्हणूनच या गाडीत पासधारकांसाठी वेगळे डबे ठेवावे लागले.

हाच प्रश्न करमणुकीच्या उद्यानांनाही पडतो. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकासारखी मोठी उद्याने आपणांस ठाऊक आहेत. परदेशांतील अशा अनेक उद्यानांत वर्षभराचा पास मिळतो. एकदा पैसे भरले की वर्षातून कितीही वेळा जावे, ही त्यामागील कल्पना. मग काही ठिकाणी पास असूनही आधी दिवस नोंदवावा लागतो, तो कशासाठी?

कॅलिफोर्नियातील एक दावा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डिस्नेलँड हे उद्यान १९५५ सालापासून चालू आहे. करोनाच्या साथीत ते वर्षाहून अधिक काळ बंद होते. २०२१ साली ते पुन्हा उघडले, तेव्हा प्रत्येकाला दिवस आधी नोंदवण्याची अट आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वार्षिक पासांची नवी योजना निघाली, तिलाही हीच अट होती. नोंदवून वारंवार न येणाऱ्यांना काही दिवस नवी नोंदणी करता येणार नाही, असाही नियम होता.

त्यांतील सर्वांत महाग पासाची किंमत १,३९९ डॉलर होती. या पासाला वर्षातील कोणताही दिवस वर्ज्य नाही, असे सांगण्यात आले होते. परंतु एका पासधारक महिलेला हवे ते दिवस नोंदवता येईनात. पासधारकांचा त्या दिवसांचा वाटा संपला होता, सामान्य तिकिटे मात्र मिळत होती, असे तिचे म्हणणे होते. तिने त्या पासाच्या सर्व धारकांच्या वतीने दावा लावला. कंपनीने आपली चूक मान्य केली नाही, परंतु २०२३ साली ९५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

या भांडणात कोण किती बरोबर, हे क्षणभर बाजूला ठेवू. त्याच्या मुळाशी जे गणित आहे, ते आपण पाहू.

आत किती माणसे असतील?

शाळेच्या वाचनालयाचे उदाहरण घ्या. तासाला २० विद्यार्थी येतात आणि प्रत्येक जण सरासरी अर्धा तास बसतो. एका वेळी तेथे किती जण असतील? २० ला अर्ध्याने गुणावे, उत्तर १०. म्हणजे सरासरी दहा खुर्च्या भरलेल्या असतील. प्रत्येक जण तासभर बसू लागला, तर येणारे तेवढेच राहूनही वीस खुर्च्या लागतील.

आत असलेली माणसे = दर तासाला येणारी माणसे × प्रत्येकाच्या मुक्कामाचे तास. हा नियम इतका सोपा दिसतो की त्याला सिद्धता हवी असे वाटतच नाही. परंतु तो फार व्यापक परिस्थितीत खरा ठरतो, हे अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केले. म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात.

आता समजा, एका उद्यानात एका वेळी ६,००० माणसे सुखाने फिरू शकतात आणि प्रत्येक जण ६ तास राहतो. मग तासाला १,००० पेक्षा जास्त माणसे सतत आत घेता येणार नाहीत. दारे रुंद केली, तिकिटांच्या खिडक्या वाढवल्या, तरी हा आकडा बदलत नाही. तो वाढवायचा, तर जागा वाढवली पाहिजे किंवा मुक्काम कमी केला पाहिजे.

सरासरीचा फसवेपणा

आणखी एक उद्यान कल्पनेने उभारू. त्याचे ३६,५०० पासधारक आहेत आणि प्रत्येक जण वर्षातून १० वेळा येतो. वर्षाच्या भेटी झाल्या ३,६५,०००. दिवसाला सरासरी १,०००. आता प्रत्येकाने आपला दिवस इतरांशी काहीही संबंध न ठेवता, जणू चिठ्ठी टाकून निवडला, तर गर्दी रोज किती बदलेल?

तुम्हांला वाटेल, फारच बदलेल. पण तसे होत नाही. शंभर वेळा नाणे उडवले, तर छापा पन्नासच्या आसपास पडतो. नव्वद वेळा पडल्याचे कोणी पाहिलेले नसते. माणसांची संख्या मोठी असली की एकाचे येणे आणि दुसऱ्याचे न येणे यांची भरपाई होत जाते. अशा वेळी नेहमीचा चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाएवढा असतो. १,००० चे वर्गमूळ सुमारे ३२. म्हणून बहुतेक दिवशी ९४० ते १,०६० माणसे येतील. मग आरक्षणाची गरजच काय?

ही किमया प्रथम टेलिफोनवाल्यांच्या कामी आली. टेलिफोनचा ग्राहक हाही एक पासधारकच. त्याला केव्हाही बोलता आले पाहिजे. पण प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र तार टाकणे परवडत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ साली फोन येण्याच्या संभाव्यतेवर निबंध लिहिला. ग्राहकांच्या संख्येपेक्षा कितीतरी कमी तारांवर काम कसे भागवता येईल, हे त्यांच्या गणितामुळे ठरवता येऊ लागले.

मात्र यात एक मोठी अट आहे. प्रत्येकाने आपापल्या मनाने, इतरांहून स्वतंत्रपणे वेळ निवडली पाहिजे. दिवाळीच्या पहाटे सर्वांनाच शुभेच्छा द्यायच्या असतात, तेव्हा ही अट मोडते. उद्यानाचेही तसेच. शाळा आणि कचेऱ्यांना सुट्टी रविवारी, म्हणून निम्म्या भेटी रविवारी होतात असे धरा. मग ५२ रविवारी प्रत्येकी सुमारे ३,५१० माणसे येतील आणि उरलेल्या ३१३ दिवशी अवघी ५८३. वर्षाची सरासरी अजूनही १,००० च आहे! पण रविवारची गर्दी इतर दिवसांच्या सहापट झाली.

गर्दी पासांच्या संख्येमुळे जितकी होते, त्याहून अधिक ती सर्वांनी एकच वेळ निवडल्यामुळे होते.

आरक्षण नेमके काय करते?

आरक्षणाने एक चौरस मीटरही जागा वाढत नाही. ते फक्त गर्दीला एका दिवसाकडून दुसऱ्या दिवसाकडे सरकवते. आपल्या उद्यानाने रविवारी १,५०० माणसांची मर्यादा घातली, तर दर रविवारी २,०१० माणसांना दुसरा दिवस निवडावा लागेल. ती इतर दिवसांत विभागली, तर त्या दिवसांची गर्दी ५८३ वरून सुमारे ९१७ होईल. कोणाचीही भेट बुडाली नाही आणि सर्व मावले.

कागदावर हे छान आहे. पण ज्याला रविवारशिवाय सुट्टीच नाही, त्याने काय करावे? त्याच्या पासाची किंमत मंगळवारी मोकळ्या असणाऱ्याएवढीच, आणि उपयोग मात्र कमी. कॅलिफोर्नियातील दाव्याचे मूळ येथे आहे. म्हणून कोणत्या दिवशी किती पासधारकांना जागा मिळेल, हे पास विकतानाच स्पष्ट सांगणे न्यायाचे ठरते. आरक्षण हे गणिताने सुटते. त्याचा भार कोणावर टाकायचा, हे गणित ठरवत नाही.

काही ठिकाणी मर्यादा माणसांच्या सोयीसाठी नसतेच. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करावी लागते, ती पायांखाली तुडवली जाणारी फुले वाचावीत म्हणून. २०१२ साली पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा ठरली, त्यांत कासही आहे.

जेथे आरक्षण नाही तेथे

आता पुन्हा नाशिकला येऊ. गुरू हा ग्रह सूर्याभोवतीची फेरी सुमारे ११.८६ वर्षांत पुरी करतो. तो सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा भरतो. पर्वणीचा दिवस पंचांगाने ठरतो आणि स्नानाची जागाही ठरलेली. येथे कोणाला पास लागत नाही आणि “आज जागा नाही, मंगळवारी या” असे भाविकाला सांगता येत नाही. लाखो माणसे एकच दिवस निवडतात. एर्लांग यांची अट येथे पूर्णपणे मोडते.

सपाट रस्त्याच्या प्रत्येक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे ८० माणसे पुढे जाऊ शकतात. पाच मीटर रुंदीच्या गल्लीतून मिनिटाला ४००, तासाला २४,००० माणसे जातील. एका तासात एक लाख माणसे आली, तर ७६,००० मागे थांबतील. दर चौरस मीटरला ४ माणसे धरली, तरी त्याच रुंदीच्या रस्त्यावर ही रांग ३.८ किलोमीटर लांब होईल. मागच्यांना पुढे काय चालले आहे हे दिसत नाही आणि ते पुढे सरकत राहतात. चौरस मीटरला सहा-सात माणसे झाली की प्रत्येकाच्या स्वतःच्या चालण्याला अर्थ उरत नाही. गर्दी पाण्यासारखी हेलकावे खाऊ लागते. अशा वेळी माणसे बहुधा पायांखाली तुडवली जाऊन नव्हे, तर छाती दाबली गेल्याने श्वास कोंडून मरतात.

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकमध्ये हेच घडले. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले.

२०१५ च्या सिंहस्थात म्हणून प्रवाह मुळाशीच आवरण्यावर भर होता. वाहने शहराबाहेर थांबवली गेली आणि जाण्यायेण्याचे मार्ग वेगळे ठेवले गेले. याच मेळ्यासाठी नाशिकच्या काही तरुण विद्यार्थ्यांनी एक साधन बनवले. पायांचा दाब ओळखणारे संवेदक बसवलेली चटई रस्त्यावर अंथरायची आणि तिच्यावरून गेलेल्यांची मोजणी लगेच दूर बसलेल्यांना कळवायची. जपानी भाषेत पावलांच्या आवाजाला म्हणतात तेच नाव त्यांनी तिला दिले: आशिओतो. किती माणसे येत आहेत हे वेळेवर कळले, तर पुढची वाट भरण्यापूर्वीच मागे थांबवता येते. आरक्षण जे काम महिनाभर आधी करते, ते येथे काही मिनिटे आधी करायचे असते.

करून पाहा

मधल्या सुट्टीत शाळेच्या पाण्याच्या नळांपाशी दोघांनी उभे राहावे. दर मिनिटाला किती जण येतात, हे एकाने मोजावे. एका विद्यार्थ्याला रांगेत शिरल्यापासून पाणी पिऊन निघेपर्यंत किती वेळ लागतो, हे दुसऱ्याने घड्याळ लावून पाहावे. असे दहा विद्यार्थी पाहून सरासरी काढा आणि दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा. नळांपाशी सरासरी किती जण होते, ते प्रत्यक्ष मोजून उत्तर ताडून पाहा. मग दोन वर्गांची सुट्टी पाच मिनिटे उशिरा करून पुन्हा मोजावे, असे आपल्या गुरुजींना सुचवा. नळ तेवढेच, विद्यार्थीही तेवढेच असतील. रांगेत काय फरक पडला, ते वहीत लिहून ठेवा.